चौथं नाव

बदलापूर (पूर्व),
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

चि. शलाकास,
मायाताईचे अनेक आशीर्वाद आणि सप्रेम जयभीम, वि. वि.

पाकिटावरचं माझं अक्षर बघून हसली असशील. तीन स्टेशनं पलीकडे राहणारी नणंद, रोज सकाळी वॉर्डात राउंडला समोर उभी असते आणि पोस्टाने पत्र पाठवते. पण करू काय? तू आमच्या बालरोग विभागात लागलीस तेव्हा मीच नियम घातला होता की कॉलेजात घर काढायचं नाही आणि घरात कॉलेज काढायचं नाही. मग उरलं पोस्ट. बाबा असते तर खूश झाले असते. तीस वर्षं त्यांनी उल्हासनगरच्या पोस्टात टपाल लावलं. भूषण आणि मी भांडलो की आमच्या हातात एकेक आंतर्देशीय द्यायचे आणि सांगायचे की लिहून भांडा, घसा वाचतो. तू सून म्हणून आलीस तेव्हा ते नव्हते, पण सवय तुलाही लागलीच.

गुरुवारी छाननीची यादी लागल्यापासून तू माझ्याशी येस मॅडम आणि नो मॅडम यापलीकडे बोललेली नाहीस. शनिवारी घरी आले तर तू छोट्या मैत्रीला घेऊन खाली गेलीस ती मी निघेपर्यंत वर आलीच नाहीस. आईने कोथिंबिरीच्या वड्या केल्या होत्या. मी एकही न खाता निघाले, आणि वड्या मी कधी सोडत नाही हे तुला माहीत आहे.

शलाका, सहयोगी प्राध्यापकाच्या या जागेसाठी तू किती वाट पाहिलीस ते मला ठाऊक आहे. नोकरीची लागतात ती चार वर्षं कधीच झाली, सक्तीचे दोन्ही कोर्स झाले, दोनपैकी एक पेपरही धरला. दुसरा तेवढा धरला नाही, कारण त्यात तुझं नाव चौथं आहे आणि समिती पहिली तीनच नावं मोजते. नात्यामुळे मी समितीच्या बाहेर आहे, त्यामुळे आत काय बोलणं झालं ते मला कळलं नाही. यादीवर तुझ्या नावापुढे अपात्र लिहिलेलं मी बाकीच्यांबरोबरच बघितलं.

मला अपराधी वाटतंय. मैत्रीच्या जन्मानंतर तुला रात्रीचे इमर्जन्सी कॉल झेपत नाहीत असा तुझा निरोप आईने मला दिला आणि मी तुला दिवसाची ड्युटी लावली. लसीकरण, सर्टिफिकेटं, शाळा तपासणी. तेव्हा वाटलं की चांगलं करतेय. माझ्या वेळी मला कोणी असं दिलं नव्हतं. सम्यक तीन महिन्यांचा असताना मी सलग छत्तीस तासांची ड्युटी केली आहे आणि बाथरूममध्ये जाऊन रडले आहे. निदान माझ्या भावजयीवर ती वेळ येऊ नये असं मनापासून वाटलं होतं. त्यात तुझे पेपर मागे पडतील हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. पुढच्या वर्षी तुला एक चांगला प्रोजेक्ट मिळवून देईन, शब्द देते.

सम्यकचा पुण्याहून फोन होता, मामीला विचारलंय म्हणाला. मैत्रीला पापा. रागावलीस तर रागाव, पण लिहून रागाव, आणि आपल्यातला लोभ तेवढ्यापुरता तरी शिल्लक ठेव.

तुझी,
मायाताई



विठ्ठलवाडी,
गुरुवार, १३ नोव्हेंबर २०२५

ती. मायाताईंस,
शलाकाचा सविनय जयभीम, वि. वि.

पत्र मिळालं. आईंनी पोस्टमनकडून घेतलं आणि अक्षर ओळखून मुकाट्याने माझ्या उशीखाली ठेवलं. आम्ही बरे आहोत. भूषणची कंपनीत जनरल शिफ्ट चालू आहे. मैत्रीच्या शाळेत वेशभूषा स्पर्धा आहे. बाईंनी तिला डॉक्टर व्हायला सांगितलं, तर आमच्या घरात डॉक्टर खूप आहेत, मी पोलीस होणार असं तिने सांगून टाकलं. आता खाकी कापड आणायला उल्हासनगरला जायचंय.

ताई, तुम्ही लिहून रागाव म्हणालात म्हणून लिहिते. मी तुम्हाला निरोप कधी दिला? रात्रीचे कॉल झेपत नाहीत असं मी कोणाकडेच बोलले नव्हते. उलट रजेवरून परत आले त्याच आठवड्यात यादीत माझं नाव लसीकरणाला दिसलं, तेव्हा मीच हबकले होते. घरी येऊन आईंना विचारलं तर त्या म्हणाल्या की मायाचा निर्णय आहे, तिने विचार करूनच केला असेल. तुमचा तो नियम होता म्हणून मी तुमच्याशी घरी बोलले नाही, आणि कॉलेजात बोलले असते तर विभागप्रमुख नणंदेकडे वशिला लावते असं झालं असतं. आत्ता परत आईंना विचारलं, तर त्या मेथी निवडायला बसल्या. मेथी काल निवडून झाली होती.

थिसिसला सह-मार्गदर्शक म्हणून विद्यार्थी द्या असा लेखी अर्ज मी तीनदा दिला. तिन्ही वेळा तुम्ही पुढच्या बॅचला बघू असं लिहून परत पाठवलात. त्याचं मी काही बोलत नाही, ते गेलं. मला विचारायचंय ते दुसऱ्या पेपरचं.

तो अभ्यास माझा होता, ताई. एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या बायका बाळंतपणानंतर किती दिवसांत कामावर परत जातात आणि मग त्यांच्या बाळांचं वजन कसं वाढतं. मला सातवा महिना लागला होता आणि मी बाळांच्या वजनाचा काटा मांडीवर घेऊन रिक्षाने पालेगाव, एमआयडीसीमागची वस्ती, आमच्या इथल्या चाळी फिरत होते. एकदा काटा पडून बिघडला, तर उल्हासनगर कॅम्पातल्या सिंधी काकांनी दुकान बंद करता करता परत उघडून दुरुस्त करून दिला आणि बेटी, घरी बस म्हणून मलाच दम भरला. एकशे बारा बाळं मी स्वतः तोलली आहेत. पाठवायचा मसुदा मी रजेवर जायच्या आदल्या दिवशी तुमच्या हातात दिला, त्यावर पहिलं नाव माझं होतं.

छापून आलं तेव्हा मी चौथी. पहिले आपल्या विभागातले देवदत्त सर, दुसऱ्या तुम्ही, तिसरे सांख्यिकीचे सर. तेव्हा तुम्ही सांगितलंत की जर्नलनेच क्रम बदलायला लावला. मैत्री सहा महिन्यांची होती, मला झोप नव्हती, मी विश्वास ठेवला. गेल्या शुक्रवारी मी जर्नलला मेल करून विचारलं. त्यांचं उत्तर आलं की लेखकांचा क्रम आमच्याकडे जसा आला तसाच छापला.

छाननीवर हरकत घ्यायला एक डिसेंबरपर्यंत मुदत आहे. मला प्रोजेक्ट नको. तुम्ही एवढंच लिहा की तो क्रम कोणी बदलला.

लोभाचं शेवटी लिहायची पद्धत आहे म्हणून लिहीत नाही. तो आहे, म्हणून तर विचारते आहे.

आपली,
शलाका



विठ्ठलवाडी
१६ नोव्हेंबर

माझी माया हिला,
आईचा जयभीम.

मी प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकले तेवढंच मला लिहिता येतं, चुकलं तर हसू नको. तू मोठी डॉक्टर आहेस म्हणून मी फोन केला नाही. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, आधी गोळ्या घेतल्या का विचारतेस.

शलाका दोन दिवस नीट जेवली नाही. तिने मला विचारलं की मी तुला निरोप दिला का. मी मेथी निवडायला बसले. तिला सगळं कळतं. काल मी तिला खरं सांगितलं आणि आता तुला सांगते.

निरोप तिचा नव्हता. माझा होता. तुझ्या सम्यकला मी सांभाळलं तेव्हा मी पन्नाशीत होते, चार मजले दिवसातून चारदा चढायचे. मैत्री झाली तेव्हा माझे गुडघे गेलेले. रात्री पोर रडलं की मला उठवेना आणि रजा संपली की शलाकाची आठवड्यातून दोनदा रात्रपाळी लागणार होती. माझ्याने होत नाही हे तिला सांगायची मला लाज वाटली. लेकीचं पोर सांभाळलं आणि सुनेचं जड झालं असं तिच्या घरचे बोलले असते. म्हणून मी तुला म्हणाले की शलाकालाच झेपत नाही, ती लाजते, तू दिवसाची ड्युटी दे. आणि तिला म्हणाले की मायाने केलं. तुम्ही दोघी एकमेकींशी त्या विषयावर बोलणार नाही हे मला माहीत होतं.

मला वाटलं ड्युटीच तर आहे. त्यात तिचं प्रमोशन जाईल हे मला कसं कळणार? पण कळलं नाही म्हणून चूक कमी होत नाही. मी तिच्या पाया पडायला गेले तर तिने मला धरलं आणि दोघी रडलो. भूषणला काहीच समजलं नाही, तो चहा करून घेऊन आला.

माये, आता तुझ्या बाजूचं काही असेल तर तू सांग. ती तुझ्या पत्राची वाट बघते. रोज खाली जाऊन पेटी उघडते.

सहा डिसेंबरला दादरला यंदा मला जमणार नाही. तू जाशील तर माझ्या नावाची एक मेणबत्ती लाव.

आई
द्रौपदी शंकर



बदलापूर (पूर्व),
गुरुवार, २० नोव्हेंबर २०२५

चि. शलाकास,
सप्रेम जयभीम, वि. वि.

तुझं पत्र येऊन पाच दिवस झाले. रोज लिहायला बसते आणि फाडते.

तू रजेवर गेलीस आणि जर्नलकडून दुरुस्त्या आल्या. तपासनीसांनी आकडेवारी नव्याने मांडायला सांगितली, तीन आठवड्यांची मुदत दिली. तुझी डिलिव्हरी अवघड झाली होती, टाके चिघळले होते, तुला त्रास द्यावा असं वाटेना. देवदत्तांनी बसून तक्ते नव्याने केले. त्यांनीही मेहनत घेतली होती, तेव्हा त्यांचं नाव वर जाणं अगदीच काही

इथे थांबले. वरचा परिच्छेद खोडणार होते, पण तसाच ठेवते, म्हणजे चार वर्षं मी स्वतःला काय सांगत आले ते तुला कळेल. त्यातलं एकही वाक्य खोटं नाही. पण त्यासाठी कोणी पहिलं नाव काढून चौथं करत नाही. तक्ते नव्याने करणाऱ्याला तिसरं द्यायचं असतं, हे मी रेसिडेंटना दरवर्षी शिकवते.

आईचं पत्र आलं. ती दुसरी इयत्तासुद्धा शिकलेली नाही आणि तिने एका पानात सगळं सांगून टाकलं. मी मात्र पाच दिवस पाच पानं फाडली.

क्रम मी बदलला. जर्नलने नाही. देवदत्तांनी मागितलं नव्हतं. मी माझ्या खोलीत, माझ्या कॉम्प्युटरवर तुझं नाव पहिल्या जागेवरून उचललं आणि शेवटी टाकलं. आणि तुला जर्नलचं नाव सांगितलं ते साफ खोटं होतं.

का, ते ऐक. त्या आठवड्यात कँटीनमध्ये बसले होते. मागच्या टेबलावर दोघं-तिघं हसत होते. मॅडमच्या विभागात आता घरचेच पेपर निघणार, असं काहीसं. कोण होते ते मी वळून बघितलंही नाही. तुला ठाऊक आहे मी कुठून आले. कॉलेजात पहिल्या दिवसापासून ऐकलंय की हिला कोट्यातून मिळालं. गोल्ड मेडल घेतलं तेव्हाही ऐकलं. लेक्चरर झाले, प्रोफेसर झाले, विभागप्रमुख झाले, दर वेळी कोणीतरी मागच्या टेबलावर बसलेलं असायचंच. मला फुकट काही मिळालं नाही आणि मी कोणाला फुकट काही देत नाही, हे सिद्ध करण्यात माझी तीस वर्षं गेली. त्या दिवशी मी घाबरले. आणि माझ्या भीतीचं बिल तुझ्या नावावर फाडलं.

थिसिसचे तुझे तीन अर्जही त्याच कारणाने परत पाठवले. दिवसाच्या ड्युटीची ढाल मला आईने आयती दिली, आणि मी खुशाल तिच्यामागे लपले. तू एकदा मला विचारावंस असं वाटायचं आणि तू विचारू नयेस म्हणून नियमही मीच राखायचे. मी वाईट वागले, शलाका. तुझ्याशी जितकं वाईट वागले तितकं माझ्याशी त्या टेबलावरचं कोणी वागलं नव्हतं, कारण त्यांच्यावर माझा भरवसा नव्हता.

दुरुस्ती करता येते. जर्नलचा एक फॉर्म असतो, त्यावर आम्हा वरच्या तिघांच्या सह्या लागतात आणि कारण द्यावं लागतं. मी विभागप्रमुख म्हणून असं केलं हे मान्य केलं तर डीनसाहेबांना कळवावं लागेल, चौकशी बसेल. उपअधिष्ठाता पदासाठी माझं एकटीचं नाव जानेवारीत वर जायचंय. आपल्या कॉलेजात त्या खुर्चीवर अजून एकही बाई बसलेली नाही. मी काय करू ते तू सांग. तू म्हणशील तसं करीन.

लोभ मागायचं आज तोंड नाही.

मायाताई



विठ्ठलवाडी,
रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

ती. मायाताईंस,
सविनय जयभीम, वि. वि.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा जिन्यातच, दुसऱ्यांदा मैत्री झोपल्यावर. क्रम तुम्ही बदललात हे मला जर्नलचं उत्तर आलं तेव्हाच कळलं होतं. तरी वाटत होतं की तुम्ही दुसरं काहीतरी सांगाल आणि मी तेही मानीन.

कँटीनमधलं हसणं मी समजू शकते. माझ्याही मागे असतात हसणारे. शिवाय माझ्या मागे आणखी एक टेबल आहे, मॅडमची वहिनी म्हणणारं. तुम्हाला वाटलं की मला खाली ढकललं म्हणजे ते गप्प बसतील. ते काही गप्प बसले नाहीत, ताई. आता ते म्हणतात की स्वतःच्या नणंदेने सुद्धा हिला चौथीच ठेवली, म्हणजे हिच्यात काही दम नसणार.

पण मी काय करू ते तू सांग, हे वाचलं आणि डोकं फिरलं. माफ करा, स्पष्ट लिहिते. माझं नाव काढताना तुम्ही मला विचारलं नव्हतं, आता परत लावायचं की नाही ते मात्र मी सांगायचं? मी लावा म्हटलं तर नणंदेची खुर्ची घालवणारी मी. राहू द्या म्हटलं तर मोठ्या मनाची सून मी, आणि हातात काय, लसीकरणाचं रजिस्टर. तुमच्या आणि त्या खुर्चीच्या मध्ये मला उभी करू नका. एवढं मोठं झालेल्या माणसाने निर्णय तरी स्वतः घ्यावा.

आणखी एक लिहायचं होतं. तुमच्यावर एवढी चिडून बसलेली मी, बुधवारी काय केलं माहीत आहे? आपली रेसिडेंट पायल, तिला सहावा महिना आहे. या आठवड्याची ड्युटीची यादी तुम्ही माझ्याकडे दिली होती. मी तिला नवजात अतिदक्षता विभागातून काढून सर्टिफिकेटच्या खोलीत बसवलं आणि वर पाठीवरून हात फिरवला. थँक्यू मॅडम म्हणाली. संध्याकाळी ती सिस्टरना सांगत होती की तिच्या थिसिसची निम्मी बाळं त्या विभागात आहेत, आता मोजणार कशी. मी तिला एका शब्दाने विचारलं नव्हतं. गुरुवारी जाऊन तिची माफी मागितली आणि तिला काय हवंय ते विचारलं. रात्रीची एक ड्युटी कमी आणि बाकी सगळं पूर्वीसारखं, एवढंच हवं होतं तिला. पाच मिनिटांचं काम होतं. मला स्वतःचीच इतकी लाज वाटली की त्या दिवशी तुमच्यावर रागावता सुद्धा आलं नाही. शुक्रवारी परत आलं.

मी एक तारखेला हरकत देणार आहे. माझा जुना मसुदा, घरोघरच्या भेटींची वही आणि जर्नलचं उत्तर जोडणार आहे. तुमचं पत्र जोडणार नाही, ते घरचं आहे. तुम्हाला जे करायचं ते तुम्ही करा.

आईंना आता बरं आहे. मैत्री तुमची आठवण काढते, तिला यातलं काही माहीत नाही. तिच्या वाटणीचा लोभ तुम्हाला पोचता करते.

शलाका



बदलापूर (पूर्व),
शनिवार, २९ नोव्हेंबर २०२५

चि. शलाकास,
सप्रेम जयभीम, वि. वि.

हे पत्र पोस्टाने तुला हरकतीआधी मिळणार नाही, म्हणून भूषणला फोन करून अंबरनाथला बोलावलंय, त्याच्या हातात देते. त्याने विचारलं की तुमच्या दोघींत नक्की चाललंय काय. मी सांगितलं की तुझ्या बहिणीने चोरी केली होती, ती परत करतेय. तो बिचारा हसला, त्याला गंमत वाटली.

तुझं म्हणणं खरं होतं. तुला विचारणं हीसुद्धा माझी पळवाटच होती. बोलणी खाल्ली ते बरं झालं.

बुधवारी देवदत्तांकडे गेले. आयुष्यात इतकं अवघड मला काही गेलं नसेल, तोंडी परीक्षासुद्धा नाही. त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले की मॅडम, तुम्ही तेव्हा मला सांगितलं होतं की शलाकानेच नाव मागे घेतलंय, तिला बाळामुळे नको आहे. मी असं बोलले होते हे मी विसरूनसुद्धा गेले होते, शलाका. किती ठिकाणी किती खोटं बोलले याचा हिशोब माझ्याकडेच नाही. त्यांनी दोन मिनिटांत सही केली. त्यांचे सतरा पेपर आहेत, त्यांना या पेपरची गरजही नव्हती. सांख्यिकीच्या सरांनीही केली.

जर्नलच्या फॉर्मवर क्रम बदलण्याचं कारण विचारलेलं असतं. आधी लिहिलं की अनवधानाने झालेली चूक. खोडलं. मग लिहिलं की प्रशासकीय कारण. तेही खोडलं. शेवटी सरळ लिहिलं की हा अभ्यास डॉ. शलाका यांचा आहे, एकशे बारा बाळं त्यांनी तोलली. त्या माझ्या भावाची बायको आहेत आणि लोक बोलतील या भीतीने त्यांचं पहिलं नाव मी काढलं. खाली सही केली. नव्या क्रमात तू पहिली आहेस आणि माझं नाव मी काढून घेतलंय. मी एकही बाळ तोललं नव्हतं.

तीच ओळ डीनसाहेबांना लिहून दिली. त्यांनी चौकशी समिती नेमलीय. उपअधिष्ठात्यासाठी माझं नाव जाणार नाही, ते त्यांनी तिथल्या तिथे सांगितलं. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. घरी येऊन खूप रडले. त्या खुर्चीवर पहिली बाई म्हणून बसायची हौस होती मला, आणि विभागातली एक बाई तिच्या खुर्चीपर्यंत पोचू नये याची व्यवस्था मीच केलेली. हे कळायला चार वर्षं लागली. मी स्वतःला हुशार समजत होते.

सोबत फॉर्मची, डीनसाहेबांच्या पत्राची आणि जर्नलच्या पोचपावतीची प्रत आहे. दुरुस्ती छापून यायला महिना लागेल, पण पोच त्यांनी दिलीय. हे घरचं पत्र नाही, ऑफिसचं आहे. जोडायचं असेल तर जोड. समिती मानेलच असं नाही, अर्जाच्या तारखेला जे छापलेलं होतं तेच धरू असंही म्हणू शकतात. तसं झालं तर तुझं नुकसान मी भरून देऊ शकत नाही आणि तसं ढोंगही करणार नाही.

पायलचं वाचलं. तू दुसऱ्याच दिवशी गेलीस. मला ते कधीच सुचलं नाही.

माफी मागते. तू द्यावीस म्हणून नाही. मागायची राहिली होती.

तुझी,
माया



विठ्ठलवाडी,
बुधवार, १० डिसेंबर २०२५

ती. मायाताईंस,
सविनय जयभीम, वि. वि.

हरकतीची सुनावणी काल झाली. आत पाच जण होते, पाचही पुरुष. एकाने विचारलं की चार वर्षं गप्प का बसलात. दुसऱ्याने विचारलं की हे घरगुती भांडण समितीपुढे कशाला आणलं. मी म्हटलं की घरातलं भांडण घरातच आहे, हा कागद ऑफिसचा आहे, आणि तुमची प्रत पुढे ठेवली. तुमची ती ओळ अध्यक्षांनी मोठ्याने वाचली. ऐकताना मला वाईटही वाटलं आणि बरंही वाटलं. कोणतं जास्त ते अजून ठरत नाही.

आज सकाळी नवी यादी लागली. मी पात्र आहे. मुलाखत मंगळवारी, सोळा तारखेला सकाळी दहाला. तीन उमेदवार आहेत, दोघांचे पेपर माझ्यापेक्षा जास्त आहेत. मिळेल असं मी धरून चाललेले नाही. पण आत जाऊन बसणार आहे.

तुम्ही माफी मागितलीत. दिली असं लिहायला तीनदा बसले, जमलं नाही. अजून सर्टिफिकेटच्या खोलीवरून जाताना अंगाचा तिळपापड होतो. कधी जमेल ते माहीत नाही, जमलं तर लिहीन. तुम्ही खुर्ची सोडलीत ते मला दिसलं, ते मी विसरणार नाही. आणि काटा मांडीवर घेऊन फिरले तेही विसरणार नाही. सध्या दोन्ही राहू देत.

आईंचे गुडघे थंडीने फार आखडलेत, काल डॉक्टरांनी आठ दिवस जिना उतरायचा नाही आणि पोरीमागे उठबसही करायची नाही म्हणून सांगितलंय. भूषणच्या कंपनीत मंगळवारी तपासणी आहे, त्याला सुट्टी मिळत नाही. त्या दिवशी मैत्रीच्या शाळेला मात्र सुट्टी आहे. माझ्या आईला विचारलं असतं, पण ती गावाला गेलीय. मुलाखत रद्द करावी का असं क्षणभर मनात आलं आणि स्वतःचाच राग आला. म्हणून खाली लिहिलंय ते वाचा.

आहे तेवढ्या लोभासह,
शलाका

ता. क. मंगळवारी सकाळी साडेआठला मैत्रीला तुमच्याकडे सोडणार आहे. संध्याकाळी किती वाजतील ते सांगता येत नाही. ती दुपारी झोपत नाही, आणि डाळभात दिला तर तूप वेगळं मागते. त्या दिवशी रजा तुम्ही घ्या. अर्जात कारण खरं लिहा.